सांगोला : अकरा विजय आणि तीन पराभव

सांगोला विधानसभा मतदारसंघाचं नाव निघालं की गणपतराव देशमुखांचं नाव निघतंच. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव, म्हणजेच आबासाहेब, इथून अकरा वेळा आमदार झाले. १९६२ साली पहिल्यांदा, २०१४ साली शेवटचं. त्या अकराच्या आकड्यावर आजवर भरपूर लिहिलं गेलं, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे एक गैरसमज पक्का बसलाय, की सांगोला हा शेकापचा अभेद्य बालेकिल्ला होता, आबासाहेब उभे राहिले की निकाल ठरलेलाच असायचा. मतांचे आकडे तसं सांगत नाहीत. या मतदारसंघात शेकापच्या विरोधात मोठा, पक्का मतदार कायम होता. तो एका जागी आला की शेकाप हरला आणि विखुरला की शेकाप जिंकला. म्हणून सांगोला समजून घ्यायचा तर विजयांपेक्षा पराभव आधी वाचावेत. ते तीन आहेत : १९७२, १९९५ आणि २०१९. पहिले दोन खुद्द गणपतरावांचे, तिसरा त्यांच्या नातवाचा.

आधी जमीन पाहू. सांगोला तालुका सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, सांगली जिल्ह्याला लागून. पर्जन्यछायेचा, कायम दुष्काळी. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातला मोठा काळ ती कोरडीच असते. ऊसपट्ट्यातल्या तालुक्यांत कारखान्याचा चेअरमन हाच राजकारणाचा कणा असतो. सांगोल्यात ते चित्र तसं कधी उभं राहिलं नाही. इथं मेंढपाळ, कोरडवाहू शेतकरी, रोजगार हमीच्या कामावर जाणारी माणसं आणि पुढच्या काळात डाळिंबवाले. धनगर समाजाची संख्या लक्षणीय आहे, मराठा समाजही मोठा आहे. गणपतराव धनगर समाजातले. त्यांच्या समोरचे मुख्य उमेदवार बहुतेक वेळा मराठा समाजातले. एवढ्यावरून काही जण हिशेब संपवतात, पण एकट्या जातीच्या गणितावर अकरा वेळा कुणी निवडून येत नाही. मराठा, दलित, मुस्लिम मतांचा एक भाग आबासाहेबांकडे सातत्याने येत राहिला, म्हणून ते येत राहिले. आणि हा भाग जेव्हा थोडासा सरकला, तेव्हा ते पडले.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर मतदारसंघात अख्खा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ येतं. लोकसभेला हा भाग माढ्यात. २००९ ला माढ्यातून शरद पवार खासदार झाले, पुढे राष्ट्रवादीचेच विजयसिंह मोहिते-पाटील, मग २०१९ ला भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर. म्हणजे लोकसभेला सांगोल्याचा मतदार शेकापखेरीज इतर पक्षांना सवयीने मत देत आला आहे. विधानसभेला शेकापचा लाल बावटा ही त्याने वेगळी केलेली निवड आहे, हे ध्यानात ठेवलं तर पुढचं बरंच उलगडतं.

१९७२ : लाटेत गेलेली जागा

शेकापची स्थापना १९४७ ची. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि शेतकऱ्यांचा वेगळा पक्ष उभा राहिला. गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिलीच्या निमित्ताने सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावरची पहिली निवडणूक १९६२ ची. काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. शेकापला १५ मिळाल्या, त्यातली एक सांगोल्याची. १९६७ ला शेकाप १९ वर गेला आणि सांगोला पुन्हा त्यांच्याकडेच राहिला.

१९७२ ला मात्र बांगलादेश युद्धानंतरची इंदिरा गांधींची लाट होती. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या, शेकाप ७ वर आला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. साळुंखे-पाटील हे नाव नीट लक्षात ठेवावं, कारण ते पन्नास वर्षांनीही इथल्या निकालात निर्णायक ठरणार आहे.

या पराभवात फार गूढ नाही. राज्यभर जे झालं तेच इथं झालं. महत्त्वाचं ते पुढचं. १९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणीतला सर्वात भीषण. सांगोला, आटपाडी, माण, जत या पट्ट्यात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. चारा, धान्य, मजुरी यांसाठी मोर्चे निघत होते, आणि असे मोर्चे काढणं हे शेकाप व डाव्या पक्षांचं त्या काळातलं मुख्य काम होतं. १९७४ मध्ये सांगोल्यात पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव निवडून आले. दोन वर्षांपूर्वी लाटेत गेलेली जागा, सत्ताधारी काँग्रेसची राज्यात एवढी ताकद असताना, पोटनिवडणुकीत परत घेणं सोपं नसतं. माझ्या मते आबासाहेबांच्या कारकिर्दीतला हा सर्वात महत्त्वाचा विजय. १९६२ चा विजय उमेदवाराला मिळाला होता. १९७४ चा विजय पडल्यावरही तालुक्यात फिरत राहिलेल्या माणसाला मिळाला.

त्यानंतर एकवीस वर्षं ही जागा हलली नाही. १९७८ ला शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात ते मंत्री झाले. १९८० ला इंदिरा गांधी परत आल्या, शेकाप राज्यात ९ वर घसरला, सांगोला टिकला. १९८५ ला टिकला, १९९० ला टिकला.

१९९५ : १९२ मतं

हा पराभव मला सर्वात विचार करायला लावतो. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची पडझड झाली. शिवसेना ७३, भाजप ६५, काँग्रेस ८०, आणि तब्बल ४५ अपक्ष. मनोहर जोशींचं युती सरकार आलं. वारा काँग्रेसच्या विरोधात होता आणि नेमक्या त्याच वर्षी सांगोल्यात काँग्रेसचा उमेदवार जिंकला. चिकमहूदचे शहाजीबापू पाटील. फरक १९२ मतांचा.

१९२ मतं म्हणजे किती? ९७ माणसांनी आपलं मत इकडचं तिकडे टाकलं असतं तर निकाल फिरला असता. एखाद्या वस्तीवरची चार-पाच भावकीची घरं. शेवटच्या पेटीपर्यंत कुणालाच खात्री देता येऊ नये, असा तो निकाल. आणि तोही मतपत्रिकांच्या काळातला. त्या वेळी बाद मतांचे गठ्ठे वेगळे काढले जायचे, आणि एवढ्या फरकात त्या गठ्ठ्यांनाही वजन येतं.

म्हणून १९९५ चा निकाल "लोक आबासाहेबांना कंटाळले" असा वाचणं चूक आहे. निम्मा तालुका त्यांच्यामागे उभा होताच. खरी गोष्ट ही की उरलेला निम्मा पहिल्यांदाच एका माणसामागे इतका घट्ट उभा राहिला. शहाजीबापू तेव्हा तरुण होते, बोलण्यात रांगडे, गावरान भाषेत सभा मारणारे. आबासाहेबांची पद्धत अगदी उलटी. सभेत आवाज न चढवता आकडे आणि जीआर सांगणारे, एसटीने मुंबईला जाणारे. आमदारांसाठी एसटीत राखीव जागा असते, पण ती वापरणारे आमदार महाराष्ट्राने फार थोडे पाहिले. आबासाहेब त्यातले. एकाच तालुक्याने या दोन टोकाच्या माणसांना जवळपास समसमान मतं दिली. पुढची तीस वर्षं इथली लढत याच दोन टोकांमध्ये राहिली.

१९९९ ला आबासाहेब परत आले. काँग्रेस फुटून राष्ट्रवादी वेगळी लढली होती, शेकापला राज्यात ५ जागा मिळाल्या. विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारला शेकापने साथ दिली आणि गणपतराव पुन्हा मंत्री झाले. २००२ मध्ये पक्षाने पाठिंबा काढला आणि मंत्रिपदही गेलं. सगळं धरून पाहिलं तर मंत्रिपदाची त्यांची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सारी कारकीर्द विरोधी बाकावर किंवा सत्तेच्या काठावर.

इथं एक प्रश्न सरळ विचारायला हवा. सत्तेत नसलेला, राज्यात आटत चाललेल्या पक्षाचा आमदार दुष्काळी तालुक्याला देणार काय? रस्ता, पाणी, निधी यासाठी तर लोक सत्ताधारी आमदार मागतात. सांगोल्याचं उत्तर दोन गोष्टींत आहे. एक, संस्था. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी ही सहकारातल्या नीट चाललेल्या गिरण्यांमध्ये गणली गेली. राज्यभर सूतगिरण्या बंद पडत असताना ती चालू राहिली, आणि तालुक्यातल्या शेकडो घरांत पगार जात राहिला. दुसरी गोष्ट पाणी. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने दिलेलं पाणी २००० सालापूर्वी अडवायचं होतं. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, टेंभूसारख्या उपसा योजना कागदावर आल्या, आणि मग त्या कागदावरून शिवारात यायला आणखी किती वर्षं गेली ते या पट्ट्यातला प्रत्येक शेतकरी सांगेल. टेंभूचं पाणी, म्हैसाळचं पाणी, नीरा उजव्या कालव्याच्या टेलचं, म्हणजे शेवटच्या टोकाचं, पाणी, प्रत्येकाचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी), प्रत्येकाची थकीत वीजबिलं. सांगोल्यात आमदाराला लोक पहिला प्रश्न हाच विचारतात : आवर्तन कधी सुटणार?

डाळिंबाने तालुक्याचं अर्थकारण बदललं. कमी पाण्यात येणारं पीक, शेततळं आणि ठिबकवर उभी बाग, निर्यातीचा माल. मग तेल्या आला, मर रोग आला, खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा आला आणि उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. बाग काढणाऱ्या शेतकऱ्याच्या मनातली अस्वस्थता मतपेटीत कुठल्या बाजूने उतरली हे कुणी मोजलेलं नाही, पण ती उतरली नसेल असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

२०१९ : ७६८ मतं

२००४ ला शेकाप राज्यात अवघ्या २ जागांवर होता, त्यातली एक सांगोला. २००९ ला ४, २०१४ ला ३. मोदी लाटेच्या वर्षी, वयाच्या ८८ व्या वर्षी, आबासाहेब सुमारे २५ हजार मतांनी जिंकले. समोर शहाजीबापूच होते, या वेळी शिवसेनेकडून. पक्ष बदलला तरी लढत तीच.

२०१९ ला आबासाहेबांनी वयामुळे थांबायचं ठरवलं. शेकापने आधी एका उद्योजकाचं नाव पुढे केलं. कार्यकर्ते बिथरले, नाव बदलावं लागलं, आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. पेशाने डॉक्टर, राजकारणात अगदी नवे. उमेदवार ठरवण्यातच पहिले मोलाचे दिवस गेले. वर्षानुवर्षं एकच उमेदवार असलेल्या पक्षाला उमेदवार निवडायची सवयच राहिली नव्हती. ही शेकापची स्वतःची उणीव, तिचा दोष विरोधकांना देता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला जुळवाजुळव पक्की झाली होती. भाजप-शिवसेना युती होती, आणि राष्ट्रवादीचे दीपकआबा साळुंखे-पाटील शहाजीबापूंच्या मागे उभे राहिले. तालुक्यात देशमुख, पाटील आणि साळुंखे हे तीन गट. त्यातले दोन एकत्र आले. निकाल : शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत देशमुख ९८,६९६. फरक ७६८.

हे आकडे जरा थांबून पाहावेत. दोघांची मिळून १ लाख ९८ हजारांवर मतं, तिसऱ्या उमेदवाराला जागाच नाही. ३८५ मतदारांनी विचार बदलला असता तर अनिकेत आमदार झाले असते. एका केंद्रावर हजारभर मतदार धरले तर केंद्रामागे दोन-तीन मतांचा हा फरक. आबासाहेब स्वतः उभे असते तर? तालुक्यात हा प्रश्न पुष्कळ चघळला गेला. त्याला माझं उत्तर असं : जिंकले असते, पण २०१४ सारखे २५ हजारांनी नाही. कारण २०१९ मध्ये बदललेली मुख्य गोष्ट उमेदवार नव्हती, साळुंखे गटाची जागा होती. दोन गट एकत्र आणि शेकापचा उमेदवार पहिल्यांदाच लढणारा, तरी पराभव फक्त ७६८ चा. यातून शेकापचा स्वतःचा मतदार किती भक्कम आहे हेच दिसतं.

आणखी एक हिशेब. शहाजीबापूंनी आबासाहेबांविरुद्ध आणि त्यांच्या नातवाविरुद्ध मिळवलेले दोन विजय, १९९५ चा आणि २०१९ चा, मिळून ९६० मतांचे आहेत. मधली चोवीस वर्षं ते हरत राहिले आणि उभे राहत राहिले. चिकाटीची गोष्ट सांगायची तर ती एकट्या आबासाहेबांची नाही, बापूंचीही आहे. सांगोल्याच्या इतिहासात त्यांना नुसता विरोधक म्हणून टाकणं अन्यायाचं होईल.

३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. पुढच्या जूनमध्ये एकनाथ शिंदेंचं बंड झालं आणि शहाजीबापू गुवाहाटीला. तिथून एका कार्यकर्त्याशी झालेलं त्यांचं झाडी-डोंगार-हाटीलचं फोनवरचं बोलणं महाराष्ट्रभर फिरलं. सांगोल्याबाहेरच्या अनेकांना हा तालुका त्या फोनमुळेच माहीत झाला. तालुक्याच्या आत मात्र प्रश्न वेगळा होता : बापू सत्तेत गेले, आता पाण्याच्या योजनांना निधी किती येतो? निधी आणल्याचा दावा बापूंनी प्रत्येक सभेत केला आणि २०२४ ची निवडणूक त्याच मुद्द्यावर लढले.

२०२४ : तीन गट, तीन उमेदवार

महाविकास आघाडीत सांगोल्याच्या जागेवरून रस्सीखेच झाली. शेकापला ही जागा आपली वाटत होती, आणि तसं वाटण्याला साठ वर्षांचा आधार होता. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने मात्र दीपकआबांना पक्षात घेऊन उमेदवारी दिली. शेकापने माघार घेतली नाही. पक्षाने या वेळी दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उभं केलं. देशमुख घरात दोन इच्छुक होते, त्यामुळे फूट पडेल अशी चर्चा होती. ती पडली नाही, आणि पडली असती तर हा निकाल लागला नसता.

निकाल असा : बाबासाहेब देशमुख १ लाख १६ हजारांच्या वर, शहाजीबापू ९१ हजारांच्या आसपास, दीपकआबा सुमारे ५१ हजार. शेकाप सुमारे २५ हजारांनी जिंकला. त्या निवडणुकीत महायुतीने राज्यात २३० च्या वर जागा घेतल्या, आघाडीचे मोठमोठे नेते पडले आणि शेकाप अख्ख्या राज्यात एकच जागा जिंकू शकला, ती सांगोल्याची. अलिबाग, पेण, पनवेल, उरण हा रायगडचा जुना शेकाप पट्टा आधीच हातातून गेला होता, तो या वेळीही परत आला नाही.

बऱ्याच ठिकाणी हा निकाल "आबासाहेबांच्या पुण्याईचा विजय" म्हणून मांडला गेला. पुण्याई आहेच. सूतगिरणी, पाण्याची चळवळ, एसटीतला आमदार, या आठवणी घराघरांत आहेत, आणि शेकापचं मत २०१९ च्या ९८ हजारांवरून वाढलं हे खरं आहे. पण बापूंचं मतही कोसळलं नाही. ९९ हजारांवरून ९१ हजारांवर आलं, एवढंच. मतदान वाढलं आणि मधल्या पाच वर्षांत त्यांच्या गाडीतून साळुंखे गट उतरला. बापू आणि दीपकआबा यांची मतं एकत्र केली तर ती १ लाख ४२ हजारांच्या घरात जातात, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा २५-२६ हजारांनी जास्त. अर्थात दीपकआबांचं प्रत्येक मत बापूंकडे गेलंच असतं असं नाही. मशालीवर, म्हणजे ठाकरेंच्या शिवसेनेच्या चिन्हावर, पडलेल्या मतांत आघाडीचा मतदार होता, शिंदे गटावर नाराज असलेला शिवसैनिक होता, आणि तो शेकापकडेही वळू शकला असता. तरी २०१९ चा अनुभव समोर असताना ही बेरीज शेकापला दुर्लक्षून चालणार नाही.

म्हणजे १९७२ पासून आजवर गणित एकच आहे. शेकापचा स्वतःचा मतदार निम्म्याच्या आसपास, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. विरोधातला मतदार तेवढाच. आबासाहेबांनी विरोधातली काही मतं दर वेळी आपल्याकडे ओढून हे गणित चार दशकांहून अधिक काळ आपल्या बाजूला झुकतं ठेवलं. बाबासाहेबांसाठी २०२४ ला ते काम विरोधकांच्या फुटीने केलं. पुढच्या वेळी साळुंखे गट कुठे असेल आणि तोवर टेंभू-म्हैसाळचं आवर्तन टेलच्या गावांपर्यंत किती नियमित पोहोचलेलं असेल, या दोन गोष्टींवर नव्या आमदाराची दुसरी निवडणूक ठरेल. यातली पहिली त्यांच्या हातात फारशी नाही. दुसरीसाठी आबासाहेब आयुष्यभर मंत्रालयाच्या पायऱ्या चढले, आणि तेच काम आता नातवाच्या वाट्याला आलं आहे.